कडक इस्त्रीचा रविवार

हिंदी सिनेमाने ख्रिस्ती माणसाचं एक चित्र कायमचं रंगवून ठेवलं आहे. तो गिटार वाजवतो. दिवस मावळला की शुद्धीवर नसतो. त्याची मुलगी रोझी असते, ती फ्रॉक घालून नाचते, आणि त्या घरात कोणी कोणावर ओरडत नाही, कारण ओरडायलाही माणूस शुद्धीवर असावा लागतो. लहानपणी शेजाऱ्यांच्या टीव्हीवर असा सिनेमा पाहिला की माझ्या मनात एकच प्रश्न यायचा: या धर्मात आपल्याला प्रवेश मिळेल का?

कारण आमचं घर नगरचं. सरकारदरबारी आता अहिल्यानगर, पण बोलताना नगरच. आजी नऊवारीत, ताटात बाजरीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी, आणि भिंतीवर दहा आज्ञांची चौकट. दारू नाही, विडी नाही, पत्ते नाहीत, लॉटरीचं तिकीट नाही, रविवारी खरेदी नाही. ओळखीचे कॅथलिक लोक नाताळात तांबोला खेळायचे, आम्ही कुंपणाबाहेर उभं राहून नुसते आकडे ऐकायचो. आमच्या प्रभुभोजनाचा द्राक्षरससुद्धा मनुका भिजवून काढलेला. म्हणजे ऐन वेदीपाशीसुद्धा कोणाला काही चढण्याची सोय ठेवलेली नव्हती.

या कडकपणाचं खापर अमेरिकेवर फोडायची आमच्यात पद्धत आहे, आणि ती अगदीच खोटी नाही. न्यू इंग्लंडातल्या चर्चवाल्यांनी 1810 साली अमेरिकन बोर्ड काढलं, त्यांचे मिशनरी 1813 मध्ये मुंबईला उतरले आणि 1831 मध्ये नगरला येऊन राहिले. येताना त्यांनी शाळा, छापखान्याची हौस आणि बोस्टनकडचा रविवार बरोबर आणला. त्या रविवारी हसायला बंदी नव्हती, पण कारण सांगावं लागे. मात्र सगळाच कडकपणा बोटीतून आला असं म्हणणं म्हणजे मराठी माणसाचा अपमान होईल. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' ज्यांनी वाचली आहेत त्यांना लक्ष्मीबाईंच्या वडिलांचं सोवळं आठवत असेल. बाहेरून घरात येणारी जवळपास प्रत्येक वस्तू धुऊन घेतल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. अशा घरातली मुलगी पुढे रेव्हरंड टिळकांची बायको म्हणून नगरच्या ख्रिस्ती मंडळीत आली. टिळकांचा बाप्तिस्मा 1895 चा, लक्ष्मीबाईंचा 1900 चा. मधली बरीच वर्षं दोघांचे संसार वेगळे आणि मनस्ताप सामायिक. हे सगळं त्या बाईंनी इतकं हसत लिहिलं आहे की कडक घरातच विनोद चांगला पिकतो असा माझा पक्का समज झाला आहे.

पण मंडळीतले बहुतेक लोक सोवळ्यातून आलेले नव्हते. आमचे पणजोबा गावकुसाबाहेरचे. वेशीतून उजळ माथ्याने आत जायची त्यांना चोरी होती. मिशनच्या शाळेत त्यांना पहिल्यांदा बाकावर बसवलं गेलं, आणि बाक मिळालाच आहे तर ताठ बसायचं असं त्यांनी ठरवलं. त्यांनी ते एकदा ठरवलं आणि पुढच्या पिढ्यांच्या पाठीचे कणे कामाला लागले. दर शनिवारी रात्री आमच्या घरात जो सोहळा चाले त्याचं मूळ इथे आहे. सगळ्यांची नखं कापली जायची. रविवारी इस्त्री करणं म्हणजे काम करणं, म्हणून सगळ्या कपड्यांना आदल्या रात्रीच इस्त्री व्हायची, तीही खळ घालून, अशी की सदरा खुंटीला न अडकवता नुसता उभा केला तरी चालावा. मग चेरी ब्लॉसमची डबी उघडायची आणि चपला-बुटांची रांग लागायची. रबरी स्लिपरला पॉलिश लागत नाही हा युक्तिवाद दादाने एकदा करून पाहिला. आजी म्हणाली, "तुझ्या पणज्याला वेशीतून जाताना पायातलं काढून हातात घ्यावं लागायचं. तू पायात घाल आणि चकचकीत करून घाल." त्यावर कोणी काही बोललं नाही. दादाने स्लिपर ओल्या फडक्याने पुसली.

एरवी मात्र या शिस्तीने आम्हांला फार विचित्र प्रसंगांत आणलं. 1987 च्या जानेवारीत दूरदर्शनवर 'रामायण' सुरू झालं, दर रविवारी सकाळी साडेनऊ वाजता. अख्ख्या देशातले रस्ते ओस पडायचे, बस जागच्या जागी थांबायच्या, लग्नाचे मुहूर्त मागेपुढे सरकायचे. त्या ओस रस्त्यांवरून चालणारी काही मोजकी माणसं होती आणि ती म्हणजे आम्ही. हातात पवित्र शास्त्र आणि 'उपासना संगीत', अंगात खळ, आणि दोन्ही बाजूंच्या खिडक्यांतून कानावर पडणारं शीर्षकगीत. पपांनी चालण्याचा वेग वाढवला की समजायचं, त्यांनाही मोह होतो आहे.

त्यामुळे लंकादहन मला सोमवारी मधल्या सुट्टीत, डबा खाता खाता, बाकावरच्या मित्राच्या हातवाऱ्यांसकट कळलं. त्याच्या एका हातात पोळीचा रोल होता, तोच शेपूट. मी बदल्यात त्याला शमशोन सांगितला, दावीद आणि गल्याथ सांगितला. पुढे 'महाभारत' आलं तेव्हा तर आमचा बाजार फारच तेजीत गेला. भीम आणि शमशोन यांची कुस्ती लावली तर कोण जिंकेल यावर वर्गात दोन तट पडले. शेवटी निकाल असा लागला की शमशोनाचं बळ केसांत, म्हणून ते कापेपर्यंत तोच जिंकेल, त्यानंतर भीम. इतका समंजस सर्वधर्म परिसंवाद मी नंतर कुठल्याही सभागृहात ऐकलेला नाही.

चर्चमध्ये शांत बसणं हा आमच्या शिक्षणाचा पहिला धडा. त्यासाठी वडीलधाऱ्यांकडे शास्त्राधार होते. अलीशा संदेष्ट्याच्या टकलाची पोरांनी टर उडवली तेव्हा दोन अस्वली रानातून आल्या आणि त्यांनी 42 पोरांना फाडलं, ही हकिकत दुसऱ्या राजांच्या दुसऱ्या अध्यायात आहे. आमच्या पाळकसाहेबांना पूर्ण टक्कल होतं. नगर जिल्ह्यात अस्वलं फारशी नाहीत हे आम्हांला ठाऊक होतं, तरी उगाच परीक्षा कशाला घ्या? झोपेविरुद्ध आधार होता तो युतुखाचा. पौल बोलत राहिला, बोलत राहिला, मध्यरात्र झाली, आणि खिडकीत बसलेला युतुख नावाचा तरुण डुलकी लागून तिसऱ्या मजल्यावरून खाली पडला. ही गोष्ट आम्हांला झोपेचे दुष्परिणाम म्हणून शिकवली जायची. लांबलेल्या उपदेशाचे दुष्परिणाम म्हणून ती कोणी का शिकवत नाही, हे कोडं मला अजून सुटलेलं नाही.

या सगळ्याची अंतिम परीक्षा उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला. दुपारी बारा ते तीन. नगरचं ऊन, वर पत्रा, आणि वधस्तंभावरच्या सात उद्गारांवर सात वक्ते. प्रत्येकाला ठरावीक मिनिटं दिलेली असायची आणि प्रत्येक जण "मी फार वेळ घेणार नाही" असं म्हणून ती ओलांडायचा. पाचवा उद्गार तहानेचा. तो येईपर्यंत सगळ्या बालगोपाळांचा त्याच्याशी मनापासून सूर जुळलेला असे, त्याला प्रवचनाची गरजच नव्हती. सहावा उद्गार कार्य पूर्ण झाल्याचा. तो जाहीर झाला की लहान मुलांचे चेहरे उजळायचे, पण पुढे सातवा असायचा.

या प्रशिक्षणाचं मोल मला नोकरीत कळलं. आमच्या कार्यालयात वार्षिक आढाव्याच्या बैठका होतात. दुसऱ्या तासाला लोक मोबाईल टेबलाखाली धरतात, तिसऱ्या तासाला पाण्याच्या निमित्ताने उठतात. मी ताठ बसून वक्त्याच्या डोळ्यांत बघत असतो. वरिष्ठांचा समज आहे की मला या विषयात विलक्षण रस आहे. त्यांना काय सांगणार? माझ्यापुढे सात वक्ते आणि एक पत्र्याचं छप्पर होऊन गेलेलं आहे, हे तर एअर कंडिशनमध्ये चाललं आहे.

संध्याकाळची घरची उपासना हा दुसरा धडा. घरात नीतिसूत्रांचं पुस्तक तारखेप्रमाणे वाचायचं. अध्याय एकतीस, त्यामुळे महिना बेताने बसतो. एकतिसावा अध्याय सद्गुणी गृहिणीचा. ती पहाटे उठते, लोकर पिंजते, शेत विकत घेते, द्राक्षमळा लावते, रात्री तिचा दिवा विझत नाही. मम्मीच्या लक्षात आलं होतं की हा अध्याय वर्षातून सातच वेळा येतो आणि फेब्रुवारीत तर येतच नाही. ती म्हणायची, "बरंय. तेवढीच तिला सुट्टी."

पाठांतराला स्तोत्रं. चुकलं तर शिक्षा म्हणून 119 वं स्तोत्र दाखवलं जायचं, कारण त्यात 176 वचनं आहेत. पाहुण्यांसमोर काहीतरी म्हणून दाखव अशी वेळ आली की आम्ही 117 वं काढायचो, ते अवघ्या दोन वचनांचं आहे. एकच वचन म्हणायचं असेल तर योहान 11:35 तयार असे, मराठीत दोन शब्द. आमच्या शब्बाथशाळेच्या, म्हणजे चर्चमधल्या मुलांच्या वर्गाच्या, बाईंनी शेवटी त्या वचनावर बंदी घातली. शब्बाथशाळेत आणखी एक खेळ होता, वचन शोधण्याच्या शर्यतीचा. बाई पुस्तक, अध्याय, वचन पुकारणार, जो पहिला उघडेल तो उभा राहून वाचणार. सहासष्ट पुस्तकांचा क्रम तोंडपाठ असल्याशिवाय तिथे निभाव लागत नसे. हबक्कूक कुठे आहे हे ज्याला दोन सेकंदांत सापडतं, त्याला सरकारी कार्यालयातल्या परिपत्रकात पोटकलम शोधायला कितीसा वेळ लागणार? माझ्या टेबलाशी अडलेली फाईल घेऊन लोक येतात त्याचं श्रेय हबक्कूकाला.

मग प्रार्थना. आमच्याकडे प्रार्थना लिहून ठेवलेली नसते, मनातून करायची आणि मोठ्याने करायची. आजीने पदर डोक्यावर ओढला की सगळ्यांनी डोळे मिटायचे. अठराव्या शतकातल्या इंग्लंडात सुझाना वेस्ली नावाच्या बाई होत्या, जॉन आणि चार्ल्स वेस्लींची आई. एकोणीस मुलं, त्यातली बरीच लहानपणीच गेली, उरलेल्यांना तिने अशा शिस्तीत वाढवलं की वर्षाच्या पोरानेही रडायचं तर हळू रडायचं. त्या गजबजाटात तिला एकांत हवा असला की ती स्वयंपाकाचा एप्रन डोक्यावर घेऊन बसायची आणि मुलांनी समजायचं की आई आता देवाशी बोलते आहे, असं सांगतात. आमच्या आजीचा पदर त्याच घराण्यातला. फरक इतकाच की सुझानाबाई देवाशी बोलत आणि आमची आजी देवाच्या मार्फत आमच्याशी बोलत असे.

"हे आकाशातल्या बापा," आजी सुरुवात करायची, "पाऊस दे, गुराढोरांना सांभाळ, दिल्लीच्या सरकारला सुबुद्धी दे. आणि बापा, गणिताची उत्तरपत्रिका दप्तराच्या तळाशी आहे हे तुला ठाऊकच आहे. ज्याचं ते दप्तर आहे त्या लेकराला ती बापाला दाखवायचं धैर्य दे."

पपा "आमेन" म्हणायचे आणि डोळे उघडून थेट दादाच्या दप्तराकडे बघायचे. दादाला धैर्य गोळा करायलाही सवड मिळायची नाही. पुढची पाळी मम्मीची. "आणि प्रभू, ज्यांची नजर म्हातारपणीसुद्धा दुसऱ्याच्या दप्तरात जाते त्यांचे डोळे जप आणि त्यांना विसावा दे." आजीचं "आमेन" त्या दिवशी जरा उशिरा यायचं. सासू-सुनेचं भांडण इतक्या अदबीने, दोघींचेही डोळे मिटलेले असताना आणि प्रत्यक्ष परमेश्वराला मध्यस्थ ठेवून चाललेलं मी अन्यत्र पाहिलं नाही. तिथे आम्हांला एक गोष्ट नकळत शिकायला मिळाली: आयत्या वेळी उभं राहून, कागद न घेता, सुरुवात-मध्य-शेवट असलेलं बोलायचं कसं. आज आमच्या सोसायटीच्या सभेत आभार मानायला कोणी पुढे येत नाही तेव्हा सगळे माझ्याकडे बघतात. मी आभार मानतो. शेवटी "आमेन" म्हणायचं तेवढं आवरावं लागतं.

खेळाच्या मैदानावर मात्र आमची पंचाईत होती. शपथ घ्यायची नाही, होय तर होय आणि नाही तर नाही, अशी डोंगरावरच्या प्रवचनात स्पष्ट ताकीद आहे. सगळी पोरं "देवाशप्पथ आउट नव्हतो" म्हणून मोकळी व्हायची. आमच्या तोंडी नुसतं "नव्हतो". नुसत्या 'नव्हतो'ला क्रिकेटमध्ये काहीही किंमत नाही. परिणामी मी बराच काळ आउट होत राहिलो. पण हळूहळू पोरांच्या ध्यानात आलं की हा शप्पथ घेत नाही आणि सहसा खोटंही बोलत नाही. मग वाद झाला की मलाच पंच करायला लागले. याचं कारण माझा सद्गुण नव्हे. शप्पथेचा टेकू न घेता थाप मारायला अंगात फार बळ लागतं, ते माझ्यात नव्हतं.

आता गाण्याचं. आमच्या गायनात दोन घराणी. एक विलायती चालींचं. त्यात उभं राहायचं, पुस्तक छातीशी धरायचं आणि ऑर्गनच्या सुरावर मराठी शब्दाचं शेवटचं अक्षर पुरेल तिथवर ताणायचं. दुसरं घराणं रेव्हरंड टिळकांचं. या माणसाने भजन, अभंग, कीर्तन सगळं चर्चमध्ये रुजवलं, तबला-पेटी आणि टाळांसकट. टिळकांचं गाणं लागलं की आजीची मान हलायची, पपांचा पाय हलायचा, आणि खळ घातलेल्या सदऱ्यातसुद्धा माणूस डुलू शकतो हे सिद्ध व्हायचं. सोप्रानो, आल्टो, टेनर, बास असे चार आवाज एकत्र लावायचे म्हणजे आपला सूर सांभाळताना बाजूच्याचाही ऐकावा लागतो. हे ज्यांना जमतं ती माणसं संयुक्त कुटुंबातही बरी टिकतात, असं माझं निरीक्षण आहे.

पैशाचं शिक्षण सुगीच्या उपकारस्तुतीला. त्या दिवशी वेदीपुढे ज्वारीची कणसं, ऊस, भोपळे, लिंबं, अंडी, कोंबड्या, ज्याच्याकडे जे असेल ते. उपासना झाली की आवारात त्या सगळ्याचा लिलाव. लिलाव करायला आमच्याकडे एक निवृत्त हेडमास्तर होते, आवाज असा की माइकला लाज वाटावी. "भोपळा दहा रुपये एक वार, दहा रुपये दोन वार." कोणी भोपळा घ्यायचा, पैसे द्यायचा आणि तोच भोपळा परत चर्चला दान करायचा. पुन्हा लिलाव. एकेक भोपळा तीन तीन वेळा विकला जाऊन शेवटी पाळकसाहेबांच्या स्वयंपाकघरात विसावायचा. एका वर्षी एका कोंबडीवर बोली चालली होती. "दोन वार" झालं, तिसरा वार व्हायच्या आत कोंबडीने अंडं घातलं. आवारात शांतता पसरली. अंडं कोणाचं? बोली लावणारे गृहस्थ म्हणाले, कोंबडी मला ठरली, अंडं माझं. ज्यांनी कोंबडी आणली होती त्या बाई म्हणाल्या, अंडं गेले दोन दिवस माझ्या दाण्यावर तयार झालं. हेडमास्तरांनी चष्मा पुसला आणि निकाल दिला, "तीन वार झालं नाही तोपर्यंत कोंबडी प्रभूची. म्हणून अंडंही प्रभूचं." अंड्याचा वेगळा लिलाव झाला आणि ईर्ष्येपोटी ते कोंबडीच्या निम्म्या किमतीला गेलं. वर्षाअखेर खजिनदारांनी वाचलेल्या हिशेबात त्याची स्वतंत्र ओळ होती: 'अंडे (एक)'. सार्वजनिक पैसा म्हणजे काय, हे मला त्या एका ओळीने जितकं कळलं तितकं पुढे अर्थशास्त्राच्या पुस्तकाने कळलं नाही.

हल्ली उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलांच्या व्यक्तिमत्त्व विकास शिबिरांची पत्रकं दारात पडतात. सभाधीटपणा, स्मरणशक्ती, वेळेचं नियोजन, समूहगायन, आर्थिक साक्षरता, आणि एक दिवस 'मौनाचा आनंद'. पूर्ण पॅकेज घेतलं तर फीमध्ये सवलत. ती यादी वाचून माझे डोळे पाणावतात, कारण हे सगळं मी चार आण्यांच्या दानात केलेलं आहे. गंमत अशी की यातलं काहीही द्यायचा कोणाचा हेतू नव्हता. त्यांना आम्हांला स्वर्गात पाठवायचं होतं. त्या प्रवासासाठी बांधून दिलेलं सामान आम्ही इथेच वापरतो आहोत.

सगळंच गोड होतं असं मात्र नाही. प्रश्न विचारायला वाव कमी. काइनाला बायको कुठून मिळाली, असं दादाने शब्बाथशाळेत विचारलं तेव्हा "पुढे वाच" असं उत्तर मिळालं. तो पुढे वाचत प्रकटीकरणापर्यंत पोचला, बाईचा पत्ता लागला नाही. मुलींना फ्रॉकच्या लांबीवरून आणि हसण्याच्या उंचीवरून ऐकून घ्यावं लागे. आणि छडी होती. नीतिसूत्रे 13:24 हे छडीबद्दलचं वचन, छडी आवरणारा बाप पोराचा वैरी अशा अर्थाचं, घरातल्या सगळ्या मोठ्यांना पाठ होतं. ज्या घरांत फक्त तेवढं एकच वचन पाठ होतं, तिथली मुलं आज चर्चच्या रस्त्यालाही फिरकत नाहीत, आणि त्यांना नावं ठेवायची माझी हिंमत नाही.

आमच्या घरात मात्र एक घोटाळा झाला होता. पुस्तक सगळ्यांच्या हातात होतं. एकदा पपांनी छडी उचलली आणि दादा मागे न सरता म्हणाला, "इफिसकर सहा, चार." बापांनी मुलांना चिडीला आणू नये, असं ते वचन. खोलीत कोणी श्वास घेतला नाही. पपांनी छडी खाली ठेवली. थोड्या वेळाने म्हणाले, "आता सहा, एक म्हण." ते मुलांनी आईबापांच्या आज्ञेत राहावं याबद्दलचं. दादाने म्हटलं. सामना बरोबरीत सुटला.

इफिसकरांना लिहिलेल्या त्याच पत्राच्या चौथ्या अध्यायात, सव्विसाव्या वचनात, सूर्य मावळायच्या आत राग सोडावा असं सांगितलं आहे. आमच्याकडे ते वचन घड्याळाप्रमाणे पाळलं जाई. दिवेलागणीची प्रार्थना सुरू व्हायच्या आत ज्यांचं भांडण झालं असेल त्यांनी एकमेकांना "क्षमा कर" म्हणायचं, म्हटल्याशिवाय जेवण नाही. हिवाळ्यात दिवस लहान, त्यामुळे भांडणं लवकर उरकावी लागत. मे महिन्यात जरा सवडीने भांडता येई. एकदा पपांनी फाउंटन पेन हरवल्यावरून दादाला खूप बोल लावले. पेन दुपारी त्यांच्याच कोटाच्या अस्तरात सापडलं. संध्याकाळी पपा दादासमोर येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "माझं चुकलं. मला क्षमा कर." दादा इतका घाबरला की त्याच्या तोंडून "आमेन" निघून गेलं.

मला वाटतं, त्या कडक घराची खरी कमाई हीच. घड्याळ, पाठांतर, सभाधीटपणा हा सगळा वरचा लाभ. तो लष्करातही मिळतो, वेदपाठशाळेतही मिळतो, जिद्दी हेडमास्तरांच्या शाळेतही मिळतो. पण नियम बापालाही लागू आहे आणि तो नियम पोराला वाचता येतो, हे ज्या घरात दिसलं त्या घरातल्या मुलांना अधिकाराची भीती वाटत नाही आणि माफी मागायची लाज वाटत नाही. कडक घर आणि जुलमी घर यांतला फरक छडीच्या लांबीत नसतो. कडक घरात मोठ्यांच्याही डोक्यावर कोणीतरी असतं, आणि मोठ्यांना ते आठवत असतं. शिस्त मुलांपाशीच संपली तर ती पोरं मोठी होऊन एक तर पळून जातात किंवा स्वतः छडी घेऊन उभी राहतात.

तेव्हा ज्यांना आपली मुलं कडक वाढवायची आहेत त्यांनी खुशाल वाढवावीत, धर्म कुठलाही असो. नियमांची यादी भिंतीवर लावा, पण मुलाला वाचता येईल इतक्या उंचीवर लावा, आणि पहिली सही स्वतःची करा. राहता राहिली एक व्यवहाराची गोष्ट. नगरकडचा ख्रिस्ती माणूस जेवायला बोलावलात तर तो वेळेवर येईल, किंबहुना तुमची आंघोळ व्हायच्या आत येईल. ताटात वाढलेलं मुकाट्याने खाईल, निघताना मनापासून आभार मानेल. फक्त भाकरी तव्यावरून उतरायच्या आधी त्याला प्रार्थना करायला सांगून टाका. उतरल्यावर सांगितलंत तर पाऊस, गुरंढोरं आणि दिल्लीचं सरकार उरकेपर्यंत ती गार होईल.